यंदाची इंपं

शाळेच्या कपाटातून निकालात काढलेला इंग्रजी कोश,
एम ते पी वाळवीने खाल्ला, म्हणून मी घरी आणला.
त्यात काही शब्दांच्या उशाशी बारीक खंजीर असतो,
म्हणजे शब्द वारला.
बोलण्यात येत नाही. भेटला तर ओळख द्यावी, एवढंच.

राजापुरात, खाडीवरून वर चढणाऱ्या वाटेला माझं घर.
मागे सात हापूस, दोन रायवळ,
आणि एक बिटकी, जी कुणीच लावली नाही.
गुणाजी बाणे बांडगुळं उतरवायला आलाय.
कमरेला आकडी, आकडीत कोयता,
पायरीवर त्याचा चहा निवतोय
आणि छत्तीस वर्षांत एकदाही जे फळ्यावर लिहिले नाहीत
ते शब्द मी त्याला वाचून दाखवतेय.

श्रेड : पूर्वी म्हणजे फांद्या उतरवणे.
आता कचेरीत कागद कातरतात तेवढ्यापुरता उरला.
“फांदी काय नि कागद काय,” वरून आवाज,
“जरा बाजूला व्हा बाई.”
टहाळी कोसळते, ओंबिलांच्या घरट्यासकट.

स्नेद : छाटणे. खंजीर.
श्रॅग : शेंडे मारणे. खंजीर.
गुणाजी उधारी ठेवत नाही, लगेच आपले देतो :
खांडणं, बेणणं, शेंडा खुडणं, कवळ तोडणं.
मग स्वतःच थांबतो.
“कवळ तोडून करायचा काय? राब भाजतो कोण आता?
आमचा दिगंबर गोव्यात हाटेलात.
त्याला कवळ म्हटलं तर घास वाटतो.”

मी समासात पेन्सिलीने लिहिते : कवळ.
पुढे खंजीर मांडायला हात गेला होता.
नाही मांडला.

राउन : कानाशी कुजबुजणे.
(मला प्रत्येक वेळी तिथे रान ऐकू येतं.)
त्याचंच भावंड रून, थंड मुलखातली जुनी अक्षरं,
लाकडात कोरायची, म्हणून सगळी सरळ रेघांची.
हे ऐकायला मात्र गुणाजी खाली उतरला.
“बरोबर हाय. लाकडात गोल काढाल तर धार रेषेत शिरते, फाटतं.
गोल बघायचं तर सड्यावर जा.
कातळातले मासे, हत्ती, सगळे गोलच. दगडाला रेषा नसते.”

मग मला रायवळाशी नेलं.
बुंध्याला चार तिरप्या खाचा, एक आडवी,
साल त्यांच्यावर ओठासारखी मिटत आलेली.
“बापाच्या हातच्या.”
म्हणजे काय लिहिलंय?
पेट्या? कुणाचं देणं? की नुसतीच धार बघितली?
“म्हायती नाय. पण बाप डावरा होता.
खाचा कुणीकडे कलल्यात बघा.”

शेवटी इम्प.
आज म्हणजे सैतानाचं पोर, द्वाड.
खंजिराखालचा अर्थ त्याच्याही आधीचा :
कोवळा फुटवा, दुसऱ्या झाडावर बांधायची काडी. कलम.
“म्हंजे कलम बांधलं नि पोर द्वाड निघालं,” गुणाजी हसला,
“आमच्याकडे वेगळं काय झालं?”
मला सांगायचं होतं, आपल्याकडेही कलम म्हणजे लेखणी,
आणि कायद्यातलं कलम, आणि…
पण तो ऐकत नव्हता.
ओठातल्या ओठात इंप, इंपा, इंपं असं घोळवून
त्याने नपुंसकलिंग ठरवूनही टाकलं.

श्रावणात त्याच्या मांडवाखाली गेले.
रुजलेल्या कोयी ओळीने, पानं अजून तांबडी,
चिरेत काडी, वर प्लॅस्टिकची पट्टी, दाताने तोडलेली.
लांज्याहून टेम्पो घेऊन आलेला एक तरुण
नोटा मोजता मोजता विचारत होता,
“तीनशेच? बाकीची इंपं कधी मिळतील?”

“जगली तर दिवाळीनंतर,” गुणाजी म्हणाला
आणि त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.